तीनचाकीवरचा मुराळी

पुलगाव स्टेशनाबाहेर सायकलरिक्षांच्या रांगेत एक वेगळीच तीनचाकी उभी होती आणि तिच्यावर बसलेला माणूस रिक्षावाल्यांशी भांडत होता. भांडणाचा विषय मी होते, हे मला जवळ गेल्यावर कळलं.

"सांगलीची पाव्हणी माही हाय," तो माणूस म्हणत होता. "तुमी काऊन मधात येता?"

"काकाजी, तुमी बिमार मानूस," एक रिक्षावाला समजावत होता. "बाईले आमी आनतो ना घरी. तुमी निवांत मागून या."

"मी मागून येऊ? माह्या पाव्हणीच्या मागून?"

हे मनोहरराव ढोले. पुलगावच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. वय साठीच्या आतलं, अंगावर कडक इस्त्रीचा सदरा, आणि डावा हात मांडीवर असा ठेवलेला, जणू कोणी तरी तो तिथे विसरून गेलंय. मुलीच्या लग्नाच्या थोडं आधी त्यांना लकवा (अर्धांगवायू) झाला होता. बोलणं आता जवळजवळ पूर्ववत झालं होतं; फक्त राग आला की जीभ जरा अडखळे, त्यामुळे ते राग आला तरी हसून बोलत.

माझ्याजवळ कपड्यांची एक थैली आणि पत्रकांचे दोन गठ्ठे होते. पत्रकं मीच लिहिली होती आणि बाबांच्या पायमशीनवर मीच छापली होती. आमच्या घरी लहानपणी मला पत्रकांच्या गठ्ठ्यांवर निजवत, असं आई सांगते. माझं नाव समता आहे. यावरून घरातलं वातावरण वाचकांच्या लक्षात यावं. या खेपेच्या पत्रकाचा मथळा होता: "दया नको, हक्क हवा! ढकलू नका, आधी विचारा!"

काकांनी उजवा हात पुढे केला. "आना ती थैली."

"नको नको, मी घेते ना. तुम्हाला कशाला त्रास?"

"बाप्पा! पाव्हणीची थैली पाव्हणीनंच धरली, तं घरचा मानूस काय फोटोत बसन?"

मी तत्त्वाच्या बाजूने थोडी झटापट केली. म्हणजे थैली मी सोडली नाही आणि त्यांनीही. शेवटी थैलीचा एक बंद तुटला. काकांनी दुसऱ्या बंदाला धरून ती मागे टाकली आणि पायडल मारलं. रिक्षावाले हसत होते. ते कोणाला हसत होते, हे मी विचारलं नाही.

मला इकडे बोलावलं होतं माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं, कल्पनानं. ती सेवाग्रामकडच्या एका दवाखान्यात व्यायामोपचार करते आणि वर्ध्याला राहते. लकवा झालेल्या, पोलिओ झालेल्या माणसांना ती सायकलीवर बसवते. "आमचे ढोलेकाका दिवाळीआधी पुलगावहून सेवाग्रामच्या पुढे लेकीच्या गावापर्यंत तीनचाकीनं जाणार आहेत," ती फोनवर म्हणाली होती. "सोबत कर. लिहायला विषय मिळेल. आणि एक विनंती, भाषण करू नकोस."

काकांच्या घरी पोचल्यावर मी तीनचाकी नीट पाहिली. पुढे साध्या सायकलचा अर्धा भाग, मागे रिक्षाची दोन चाकं. डावा हात कामाचा नाही म्हणून दोन्ही ब्रेक उजव्या मुठीत आणलेले. बसायला पाठ असलेली खुर्ची. डाव्या पायडलवर लाकडाचं पाऊल, टाच सरकू नये म्हणून मागे उंचवटा आणि वर जुन्या ट्यूबचे पट्टे. मागच्या चाकांच्या मध्ये एक फळी आणि तिच्यावर लाल रेक्झिनची नवी गादी. त्या गादीवर माझी थैली ऐटीत बसून आली होती. थैलीसाठी गादी कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

"हा उजवा पाय म्हंजे मी," काकांनी ओळख करून दिली. "कमावते, राबते, कोनी पुसत नाई. अन् हा डावा म्हंजे आमचे जावईबापू. याले पाटावर बसवा लागते, पट्टे बांधा लागते, वरून पुसा लागते, बरं हाय ना जी? कल्पनाबाई म्हनते, याले बी मजुरी कराले लावा. जावयाले मजुरी! शोभते का?"

काकांच्या बायकोनं, सुमनकाकूंनी, जेवायला गोळाभात केला होता (डाळीचे वाफवलेले गोळे भातात कुस्करायचे आणि वर लसणाच्या फोडणीचं कडकडीत तेल घ्यायचं). दुसऱ्या वाढपानंतर खरी गोष्ट बाहेर आली. काका लेकीकडे नुसते भेटायला जात नव्हते. ते मुराळी म्हणून निघाले होते. मुराळी म्हणजे माहेरहून लेकीला न्यायला येणारा माणूस. आमच्याकडे सांगलीलाही हा शब्द आहे, पण माणूस संपत आलाय. वंदनाची, म्हणजे त्यांच्या लेकीची, ही पहिली दिवाळी होती.

"मुराळी भाऊ जाते नाई तं मामा जाते," काकू मला साक्षीला धरून म्हणाल्या. "वंदनाच्या मामाजवळ जीप हाय. पन ह्यायले सायकलच पायजे. सांग व तू तरी."

"लग्नात मले मंडपात रुखवतावानी मांडून ठेवलं होतं," काका म्हणाले. "येनारा पाहे अन् पुढं जाय. लेक निघाली तं तिच्या डोक्यावर हात ठेवाले उठता बी आलं नाई. आता न्यायले तरी मी जातो."

काकू पाणी प्यायल्या आणि मग त्यांनी अट सांगितली: त्यांचे भाऊ, म्हणजे वंदनाचे मामा, जीप घेऊन वाटेत राहतील. काका जिथे थकतील तिथून त्यांना जीपमध्ये घालायचं, तीनचाकी मागे बांधायची आणि मामांनीच मुराळी व्हायचं. काकांनी अट मान्य केली, कारण घरातून निघायला दुसरा रस्ता नव्हता.

मी मात्र आतून पेटले होते. वंदना शिक्षिका. रोज एसटीनं एकटी शाळेत जाते. तिला माहेरी आणायला कोणी तरी पुरुषच का लागावा, मग तो पायी येवो, जीपनं येवो की तीनचाकीनं? या विषयावर आमच्या घरी एक जुनं पत्रक आहे. ते मला तोंडपाठ होतं. पण गोळाभात इतका झाला होता की मी ते दुसऱ्या दिवसावर ढकललं.

सकाळी आम्ही निघालो. काका तीनचाकीवर, मी भाड्याच्या सायकलवर. गाव मागे पडलं तशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी माती आणि तिच्यात फुटलेला कापूस. बायका ओटीत कापूस वेचत पुढे सरकत होत्या, आणि आम्हाला पाहून कमरेवर हात ठेवून उभ्या राहत होत्या. तूर अजून हिरवी होती. हवेत गारवा होता, रस्त्यात खड्डे होते. खड्ड्यांबद्दल मी स्वतंत्र पत्रक काढणार आहे.

पहिला चढ एका पुलाच्या अलीकडे आला. काका उजव्या पायानं जोर लावत होते, डावा नुसता वरखाली होत होता. तेवढ्यात कापसानं भरलेल्या बैलगाडीवरून दोन माणसं उड्या टाकून धावत आली आणि त्यांनी तीनचाकीला मागून हात लावला.

"सोडा!" काका ओरडले. "सोडा ना बे, मी चालवून राह्यलो!"

"राहू द्या जी काकाजी, लाजू नोका. आमी हाओत ना."

मी सायकल टाकून पळत गेले आणि एकाच्या हातात पत्रक दिलं. त्यानं एका हातानं ढकलता ढकलता दुसऱ्या हातानं ते वाचलं. मोठ्यानं वाचलं. "ढकलू नका, आधी विचारा." मग माझ्याकडे पाहून मान डोलावली. "एकदम बरोबर लिवलं बाई," तो म्हणाला, आणि पूल संपेपर्यंत ढकलत राहिला.

असं दिवसभर चाललं. या भागात पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायला जायची रीत आहे. एकटं जाऊ देणं म्हणजे अपमान. त्यात पाहुणा लकव्याचा आणि चढावर! प्रत्येक गाव आम्हाला आपल्या शिवेपर्यंत ढकलून पुढच्या गावाच्या स्वाधीन करत होतं. प्रत्येक टपरीवर चहा होता, तोही न मागता. आम्ही पोचायच्या आत कपबश्या मांडलेल्या असत. "या काकाजी, बसा, चहा तयारच हाय." मला या लोकांचं अगत्य अचाट वाटलं. तसं मी वहीत लिहूनही ठेवलं.

आणि प्रत्येक टपरीजवळ झाडाखाली जीप उभी असे. भाऊरावमामा कारंज्याचे. घाडग्यांच्या कारंज्याला हायवेवर त्यांचा ढाबा आहे, आणि ट्रकवाल्यांशी बोलून बोलून त्यांचा आवाज दोन शेतं ओलांडतो.

"काय भाऊजी, दमले का?"

"तुहा बाप दमला."

"नाई, घाम दिसून राह्यला म्हून इचारलं."

"तुह्या जीपलेच धाप लागली हाय. तिले पाज पानी."

दुपारनंतर अडचण आली. डावा पाय लाकडी पावलात सैल पडायला लागला. टाच मागच्या उंचवट्यापर्यंत पोचत नव्हती, आणि पायडल वर आलं की पाय पट्ट्यातून निसटून खाली लोंबे. भरायला काही तरी हवं होतं. काकांनी रुमाल घातला, पण तो गोळा होऊन सरकला. मग त्यांची नजर माझ्या गठ्ठ्यावर गेली.

"हे जाड हाय का?"

"काका, ती पत्रकं आहेत."

"हाव ना. दे थोडी."

मी दिली. एक घडी टाचेमागे, एक तळव्याखाली. पाय घट्ट बसला. काकांनी दोन फेरे मारून पाहिले आणि समाधानानं म्हणाले, "पाह्य, तुही चळवळ शेवटी तळागाळात पोचली."

त्या दिवसाचा मुक्काम देवळीत, काकूंच्या नात्यातल्या एका घरी. तिथल्या सांबारवडीबद्दल (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, ती आत ठासून भरलेली असते आणि कवच नुसतं कुरकुरीत) एवढंच सांगते की मी चौथीला नको म्हटलं तेव्हा यजमानीण खरोखर काळजीत पडली.

दुसऱ्या दिवशी जे घडलं ते मी लिहिलं नाही तर भाऊरावमामा सगळ्या हायवेला सांगतील, म्हणून लिहिते. देवळीच्या पुढे एक बकरी आडवी आली. काकांनी उजव्या मुठीतला ब्रेक दाबला आणि ते शांतपणे थांबले. मी बकरीला वाचवलं आणि स्वतः नालीत गेले. मला खरचटलं, पण सायकलचं पुढचं चाक पापडासारखं वाकलं.

जीप माझ्यासमोर येऊन थांबली. मामांनी काच खाली केली.

"काय बाई, दमल्या का?"

तर अशी मी, दोन्ही पाय धड असलेली, जीपमध्ये बसले. काका पुढे तीनचाकीवर. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि उजवा हात असा हलवला जसा लग्नाच्या गाडीतून हलवतात.

जीपमध्ये बसल्यामुळे मला दोन गोष्टी दिसल्या, ज्या सायकलवरून दिसल्या नव्हत्या. पहिली चहाची. पुढचं गाव जवळ आलं तसे मामा काकांना ओलांडून भरधाव निघाले, टपरीसमोर थांबले आणि ओरडले, "आमचे भाऊजी येऊन राह्यले. चहा मांडून ठेवजो. बसवून घेजो, दहा गोष्टी इचारजो, लवकर उठू देऊ नोको." मग जीप झाडाखाली नेऊन ते बिडी ओढत बसले, जणू सकाळपासून तिथेच आहेत.

"म्हणजे हे सगळं तुम्ही करताय?" मी चिडले. "त्यांना फसवताय! मोठा माणूस आहे तो. त्यांना सरळ सांगायला काय झालं?"

"सांगून पाह्यलं ना. कल्पनाबाईनं सांगतलं, दर थोड्या येळानं थांबा, नाई तं पाय आखडन. भाऊजी म्हनते, थांबलो तं तू मले जीपमंधी घालशीन. आता चहाले नाई म्हननारा मानूस आपल्या विदर्भात पैदा झाला का?"

"पण मग तुम्हाला त्यांना जीपमध्ये घालायचं नाहीये?"

मामांनी बिडीची राख झाडली. "ताईनं धाडलं म्हून आलो. मनातून वाटते, पोचावं बुढ्यानं." आणि लगेच आवाज चढवून, कारण काका जवळ आले होते, "काय भाऊजी, आता तं दमलेच!"

वहीतलं अगत्याबद्दलचं वाक्य मी खोडायला घेतलं होतं. मग खोडलं नाही. चहा मामांनी सांगितलेला होता, पण ढकलायला कोणीच सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट काकांचा डावा गुडघा. मागून पाहताना कळत होतं. सपाट रस्त्यावर तो नुसता वर यायचा आणि खाली जायचा, ओझ्यासारखा. पण चढ आला आणि ढकलणारं कोणी जवळ नसलं की वर आलेला तो गुडघा क्षणभर थांबायचा, थरथरायचा, आणि मग खाली जायचा. खाली पडायचा नाही. दाबत जायचा.

"जावई कामाले लागला वाटते," मामा हळू आवाजात म्हणाले. त्यांना हळू आवाज आहे, हे मला तेव्हा कळलं.

वर्ध्याला कल्पनाच्या घरामागे मोकळं आवार आहे. तिथे संध्याकाळी तिची माणसं सायकली चालवतात. आम्ही पोचलो तेव्हा एक लहानशी मुलगी, जिचे पाय कात्रीसारखे आवळलेले होते, मोठ्या तीनचाकीवर पट्ट्यांनी बांधून घेऊन कडुलिंबाला फेऱ्या मारत होती आणि प्रत्येक फेरीला आजीला "सरक!" म्हणून दरडावत होती. कचेरीत कारकून असलेले मेश्रामबाबू हातानं फिरवायच्या सायकलवर होते. त्यांना लहानपणी पोलिओ झालेला. एसटीच्या पायऱ्या गुडघ्याइतक्या उंच आणि आत अपंगांसाठी राखीव जागेची पाटी, हे मी त्यांना संतापानं सांगायला लागले. ते म्हणाले, "हाव ना बाई. पाटी लय चांगल्या अक्षरात हाय. मी खालूनच वाचतो." आणि एक पत्रक मागून घेतलं.

कल्पनानं काकांचा पाय पट्ट्यांतून सोडवला आणि तिचा चेहरा बदलला. टाचेवर लाल चट्टा उठला होता. काकांना तो कळलाच नव्हता. त्या पायाला अजून नीट स्पर्श समजत नाही. आणि घामानं पत्रकाची शाई सुटून तळव्यावर उलटी अक्षरं उमटली होती. निरखून पाहिलं तर "दया नको" वाचता येत होतं.

"हे कोणी भरलं?"

मी आणि काका एकमेकांकडे पाहायला लागलो.

"पोरगी चांगली हाय," काका माझ्या बाजूनं म्हणाले. "शाई कच्ची हाय."

कल्पना हसली नाही. "कातडी फुटली असती तर महिनाभर सायकल बंद झाली असती, काका. सकाळी बघते. चट्टा गेला तर जायचं. नाही गेला तर मामांच्या जीपमध्ये बसायचं, एक शब्द न बोलता."

काकांनी मान हलवली. जेवण झालं तरी ते जावयाची चेष्टा करत नव्हते. पाय समोरच्या स्टुलावर ठेवून त्याच्याकडे नुसते पाहत होते. त्यांचं मन दुसरीकडे वळवावं म्हणून मी ते राहिलेलं पत्रक काढलं. तोंडी.

"काका, राग मानू नका. पण वंदनाताई रोज एकट्या एसटीनं जातात. त्यांना न्यायला बापानं यावं लागतं, ही रीत तुम्हाला पटते?"

"नाई."

मी पुढच्या मुद्द्याची तयारी केली होती. ती वाया गेली.

"तिले कोनी न्यायची गरज नाई," काका म्हणाले. "ती मलेच न्यायले येऊन राह्यली होती. 'बाबा, तुमी त्रास घेऊ नोका, मी येतो' म्हने फोनवर. अव, लकवा झाला तईपासून सगळे मलेच नेऊन राह्यले. दवाखान्यात नेते, न्हानीत नेते, मंडपात नेते. मी मनात म्हनलं, एकडाव तरी कोनाले मी नेईन. आता दुसरं कोन बसन माह्या मागं? भाऊराव बसला तं टायर फुटन."

"मागे?" मी म्हणाले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात त्या लाल गादीचा प्रकाश पडला.

"कोनाले सांगू नोको. सुमनले तं मुळीच नाई."

पत्रकात याचं उत्तर नव्हतं. मी शोधलं.

सकाळी कल्पनानं टाच बोटानं दाबून पाहिली, उजेडात धरून पाहिली. चट्टा मावळला होता. तिनं माझी पत्रकं काढून टाकली, जुन्या घोंगडीचा मऊ तुकडा टाचेमागे बसवला आणि दर थांब्याला पाय सोडून पाहायचं काम माझ्यावर टाकलं. "भाषणापेक्षा हे बरं," ती म्हणाली.

शेवटचा पल्ला लहान होता. मी पायी आणि धावत, कारण काकांचा वेग तेवढाच होता. सेवाग्रामची गर्द झाडी लागली, मग दवाखान्याकडची गर्दी, डबे घेऊन जाणारे नातेवाईक, फळांच्या गाड्या. तिथे काकांना ओळखणारी माणसं निघाली. हॉस्पिटलात त्यांना पलंगावर पाहिलेली. एक आया रस्त्याच्या मध्यात उभी राहून म्हणाली, "हे तेच का जी, भिंतीकडं तोंड करून झोपत होते ते?" काकांनी घंटी वाजवली आणि ती बाजूला झाली.

वंदनाच्या गावात शिरताना पोरंबाळं, बाया, सगळं गाव मागे. मी हात पसरून मागे चालत होते, "कोणी हात लावायचा नाही! विचारल्याशिवाय हात लावायचा नाही!" अशी ओरडत. माझा आवाज आमच्या मोर्च्यांत तयार झालेला आहे. त्यामुळे असेल किंवा नवल म्हणून असेल, पण कोणी हात लावला नाही. काका आपल्या पायांनी लेकीच्या दारात पोचले. दोन्ही पायांनी.

विहीणबाई पाय धुवायला पाणी घेऊन आल्या. काकांनी डावा पाय पुढे केला. "आधी याचे. हा जावई हाय." खरे जावई, सुधाकर, मागे उभे होते. त्यांना काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी टॉवेल धरला. वंदना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बापाकडे पाहत होती.

जेवणं झाली. निघायची वेळ आली आणि काकांनी तीनचाकीच्या मागची लाल गादी रुमालानं पुसली. सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं.

"नाई जी व्याही," विहीणबाई म्हणाल्या. "पोरीले जीपनं न्या. बिमार बापाले ओढाले लावलं म्हनून गाव आमच्या तोंडात शेन घालन."

"पुलगावपावतर कोन म्हनते?" काका म्हणाले. "वेशीपावतर. तठीसा भाऊराव जीप लावून हाय. पाव्हन्याले वेशीपावतर पोचवाची रीत हाय ना तुमच्या गावात? मंग लेकीले मी पोचवतो."

"काही झालं तं? पडले गिडले तं?"

मी तोंड उघडलं. माझ्याजवळ या प्रसंगाला साजेशी किमान सहा वाक्यं होती. काकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी उघडलेल्या तोंडात गोरसपाक घातला (हा वर्ध्याचा तुपातला बिस्किटासारखा प्रकार, तोंडात असला की बोलता येत नाही).

वंदना पायरी उतरली. पिशवी तिनं सुधाकरच्या हातात दिली, पदर खोचला आणि सगळ्या गावासमोर लाल गादीवर जाऊन बसली.

"हळू चालवजा बाबा," ती म्हणाली. "मले भेव वाटते."

ही बाई रोज एसटीच्या दाराला लटकून शाळेत जाते.

काकांनी उजवं पायडल दाबलं. गाडी हलली नाही. पुन्हा दाबलं. चाकं जागच्या जागी कुरकुरली. सुधाकर पिशवीसकट धावले आणि मागून हात लावणार तोच थांबले, माझ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांना विचारलं, "लावू का जी हात?"

माझ्या पत्रकाप्रमाणे वागलेला संपूर्ण प्रवासातला हा एकुलता एक माणूस.

"नोको जी," काका म्हणाले. त्यांची जीभ अडखळत होती, पण ते रागावले नव्हते. "एक जावई लागला हाय कामाले. दोन लावले तं लोकं हासन."

डावा गुडघा वर आला होता. तो थांबला, थरथरला आणि खाली दाबत गेला. चाकं फिरली.

रस्ता वेशीकडे जरा उताराचा होता. हे लिहिलं नाही तर ते खोटं ठरेल. पण पहिला फेरा सपाटीवरचा होता, आणि तो मी पाहिला. वंदना मागे तोंड करून बसली होती, त्यामुळे तिचा चेहरा आम्हा सगळ्यांना दिसत होता आणि काकांना दिसत नव्हता. तसंच बरं होतं. सगळं गाव मागून चालत होतं. कोणी ढकललं नाही. वेशीवर मामा जीपला टेकून उभे होते. त्यांनी या खेपेला दमले का असं विचारलं नाही. त्यांनी जीपचं मागचं दार उघडलं आणि भाचीला म्हणाले, "ये बाई. मुराळ्याची सवारी आली म्हनून सांगाचं राह्यलं तुह्या मायले."

तीनचाकी जीपमागे बांधून आम्ही पुलगावला पोचलो, तेव्हा सुमनकाकूंनी सगळ्यांना आधी ओवाळलं आणि मग सगळ्यांना रागावल्या. गादीची गोष्ट कळल्यावर पुन्हा एकदा रागावल्या. मग काकांचा डावा पाय मांडीवर घेऊन टाच पाहत बसल्या, बराच वेळ.

मी परत निघाले. गाडीत बसून जे सुचलं ते असं की हक्कांच्या यादीत आम्ही पुष्कळ गोष्टी लिहितो: रस्ता, पायरी, नोकरी, राखीव जागा. लिहिल्याच पाहिजेत; त्यात मी काना मात्रा कमी करणार नाही. पण दुसऱ्याचं ओझं उचलायचा हक्क आम्ही कुठे लिहिला नव्हता. पुढच्या पत्रकात घालायचा विचार आहे. मथळा अजून जमत नाही.

स्टेशनावर पोचवायला अर्थातच काका आले होते, तीनचाकीवर. रिक्षावाले या खेपेला मधे आले नाहीत. मी घरातून बाहेर पडतानाच, काकांनी हात पुढे करायच्या आधी, थैली त्यांच्या हातात दिली होती. उरलेली सगळी पत्रकं आत होती, त्यामुळे ती चांगलीच जड होती.

"बाप्पा," काका थैली तोलत म्हणाले, "आता कसं पाव्हणीवानी वागून राह्यली."